नांगरासह उपस्थित राहावे

साळूबाईची बादली विहिरीत पडली होती. चार दातांचा लोखंडी गळ दोरीला बांधून ती बादली वर काढायच्या खटपटीत होती, आणि तिचा नवरा हैबती काठावर उभा राहून सूचना देत होता.

"जरा डाव्या अंगाला घे गो. आता उचल. अगो, उचल म्हंतो ना!"

"तुमी तुमच्या ग्रामपंचायतीत सूचना द्या," साळूबाई म्हणाली. "हिकडं माझं मला करू द्या."

तेवढ्यात खुद्द ग्रामपंचायतच विहिरीवर आली. म्हणजे ग्रामसेविका अक्षदा मॅडम स्कूटीवरून आल्या. त्या मूळच्या सोलापूरकडच्या, वर्षभरापूर्वी बदली होऊन निवेकोंडला आलेल्या. त्यांच्या हातात तालुक्याचं पत्र होतं आणि चेहऱ्यावर, तालुक्याचं पत्र आल्यावर येतं ते सगळं होतं.

"हैबतीकाका, बुधवारी पुराची रंगीत तालीम आहे. आपल्याच डोहावर. नायब तहसीलदारसाहेब स्वतः येणार आहेत."

हैबतीने पत्र घेतलं. ग्रामपंचायतीने आपल्याकडील बोट, बोटीची मोटर (चालू स्थितीत), नांगर व दोर यांसह उपस्थित राहावे, असं त्यात लिहिलं होतं. 'चालू स्थितीत' या दोन शब्दांपाशी हैबती अडखळला. शेजारी भरलेली कळशी होती, ती उचलून तो घटाघटा पाणी प्यायला आणि परत तेच दोन शब्द वाचले.

त्याचं कारण असं. निवेकोंड सावित्रीच्या काठावरचं, महाड आणि पोलादपूरच्या मधलं गाव. मोठा पूर येऊन गेल्यावर मुंबईच्या एका मंडळाने गावाला एक बोट आणि तिला मागून लावायची पेट्रोलची मोटर भेट दिली होती. त्या दिवशी हार घालून, नारळ फोडून मोटर पाच मिनिटं डोहात चालवली. मग गोणपाटात गुंडाळून ग्रामपंचायतीच्या मागच्या खोलीत ठेवली, ती ठेवलीच. तेव्हापासून दर सहा महिन्यांनी तालुक्याचा एक तक्ता यायचा आणि हैबती आपल्या वळणदार अक्षरात त्यात आणि नोंदवहीत लिहायचा, 'मोटर चालू स्थितीत.' पहिल्या वेळी ते खरं होतं. पुढच्या आठ वेळा त्याने वरच्या ओळीत बघून खालची ओळ लिहिली.

तेहतीस वर्षं हैबती ग्रामपंचायतीत शिपाई होता. शिपाई म्हणजे नळाला पाणी सोडणारा, दवंडी देणारा, घंटा वाजवणारा आणि सगळी वह्या-पुस्तकं राखणारा. सहाला दहा मिनिटं कमी असताना पाणी सोडलं, तर तो वहीत पाच पन्नासच लिहायचा. त्याचं लिहिणं कधी खोटं निघालं नव्हतं, याचा त्याला मनापासून अभिमान होता. एकतीस मेला तो निवृत्त होणार होता, निरोपाचा मांडवही ठरला होता. आणि आता बुधवारी, त्या मांडवाच्या चार दिवस आधी, आठ ओळी सगळ्या तालुक्यासमोर उघड्या पडणार होत्या.

"मोटरचं तुम्ही बघाल," अक्षदा मॅडम म्हणाल्या, "पण नांगर कशाला मागवला असेल हो?"

"पुरानं शेतं गाळानं भरतात ना? मंग नांगरायला नको?"

"अच्छा, म्हणजे पुनर्वसन!"

"तेच ते."

सोलापूरकडे डोह नाही, दर्या नाही. निवेकोंडलाही दर्या नाही. त्यामुळे दोघांनाही हे पटलं. मॅडमनी खात्री म्हणून ग्रामपंचायतीत जाऊन जडवस्तूंची नोंदवही काढली, तर तिच्यात बोटीच्या खालीच हैबतीच्या अक्षरात स्पष्ट लिहिलेलं सापडलं, 'नांगर, लोखंडी, नग एक.' आपण हे कधी लिहिलं ते हैबतीला आठवेना. पण अक्षर त्याचं होतं आणि आपल्या अक्षरावर तर अविश्वास दाखवता येत नाही.

हैबतीच्या घरचा नांगर लाकडी. लोखंडी नांगर अख्ख्या निवेकोंडात एकट्या महिपतीकडे होता. महिपती त्या नांगराला तेल लावून, पोत्याची खोळ घालून ओटीवर ठेवायचा आणि येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवायचा.

"देतो," महिपती म्हणाला. "पन जिथं माझा नांगर, तिथं मी. फाळ परवाच लोहाराकडनं शेवटून, धार लावून आनलाय."

"ये की. डोहावर बसायचं नि बघायचं."

"मी त्याच्यासंगंच बसनार."

नांगराचं मिटलं. उरली मोटर.

मोटर म्हटल्यावर निवेकोंडात एकच माणूस आठवतो, तो म्हणजे पोलादपूरचा अनिल. आंबेनळी घाटाच्या पायथ्यापासून कशेडीपर्यंत ज्या विहिरीवर पंप आहे, तो पंप अनिलने कधी ना कधी उघडलेला आहे. हैबतीने फोन केल्यावर त्याने दोनच प्रश्न विचारले. "जळलीय का बसलीय?" आणि "सिंगल फेज का थ्री फेज?"

सोमवारी तो आला. गोणपाट सोडल्यावर आतून आधी एक उंदीर बाहेर पडला आणि मग त्याची दोन पोरं. मोटरचं माहितीपुस्तक मोटरच्याच टोपणाखाली ठेवलेलं होतं, पण उंदराचं ते वाचून झालं होतं. त्याचा भुगा करून त्याने छान गादी घातली होती.

अनिलने मोटरला तीन प्रदक्षिणा घातल्या. "हैबतीकाका, हिचा फुटव्हॉल्व्ह कुठं हाय?"

"तिला फुटव्हॉल्व्ह नसतो रे. ती पानी ओढीत नाय. बोट ढकलते."

"तुमी मला शिकवू नका. मोटर म्हंजे पानी घेनार नि पानी फेकनार. हे बगा, खाली पानी घ्यायची जाळी हाय, नि हितं बाजूला पानी फेकायचं भोक हाय. उगाच ठेवलीत काय?"

जाळी होती आणि भोकही होतं. ते मोटर थंड ठेवणाऱ्या पाण्यासाठी होतं, पण ते ज्यात लिहिलं होतं त्याची गादी झाली होती. हैबतीने त्याच्या हातात पाना दिला.

मात्र अनिलच्या हाताला गुण होता, हे कबूल केलं पाहिजे. त्याने पेट्रोलच्या टाकीतला जुना, काकवीसारखा झालेला गाळ काढला. कार्बोरेटर उघडून रॉकेलने धुतला. प्लग घासला. पेट्रोलची नळी सांध्यापाशी गळत होती, तिथे त्याने मूठभर लांबी, म्हणजे काचा बसवायची पुट्टी, लिंपली आणि ती दगडासारखी घट्ट होईपर्यंत फुंकर मारत बसला. ओढून सुरू करायची दोरी पहिल्याच ओढीला तुटली, तर त्याने साळूबाईच्या गाईचं दावं ओवलं. गाय मोकळी झाली आणि ग्रामपंचायतीच्या तुळशीपाशी गेली, पण त्या वेळी कोणाला फुरसत नव्हती.

मोटर पाण्यात बुडवून चालवायची, एवढं हैबतीला आठवत होतं. पण डोहावर नेली तर सगळीकडे बभ्रा झाला असता, आणि मे महिन्यात गावात बुडवण्याइतकं पाणी एकाच ठिकाणी होतं, साळूबाईच्या निळ्या पिंपात. नळाला पाणी दिवसाआड, तेही अर्धा तास.

"पिंपाला हात लावलात तर बगा," साळूबाई म्हणाली.

"अगो, माझ्या इज्जतीचा प्रश्न हाय."

"नि माझ्या धुन्याचा?"

शेवटी पाणी जसंच्या तसं परत मिळेल या बोलीवर तिने पिंप दिलं. मोटर हैबतीच्या अंगणात आणून पिंपाच्या काठाला अडकवली. दोघं आळीपाळीने दावं ओढू लागले. दहा झाले, वीस झाले. हैबतीचा खांदा उतरायला आला. अडतिसाव्या ओढीला मोटर खोकली, निळा धूर सोडला आणि एकदम अशी गरजली की छपरावरची कौलं हलली.

अनिलला आनंद आवरेना. त्याने दोन्ही हात वर करून सगळ्या वाडीला ऐकू जाईल असा आवाज दिला, "मोटर चालू झाली!"

निवेकोंडात या वाक्याला एकच अर्थ आहे. नदीवरची मोटर चालू झाली, म्हणजे नळाला पाणी आलं. दोन मिनिटांत हंडे-कळशा घेऊन सगळी आळी हैबतीच्या अंगणात लोटली. सगळ्यांत पुढे कमळाबाई होती. नळ कोरडे, पण मोटर तर समोर दिसतेय आणि तिच्या बाजूच्या भोकातून पाण्याची बारीकशी धारही पडतेय.

"हाय गो हाय! बारीक हाय, पन येतंय!" कमळाबाई ओरडली आणि तिने धारेखाली हंडा लावला.

"कमळावैनी, ते पिन्याचं पानी नाय!" हैबती ओरडला.

"मंग तुमच्या घरी कशाला लावलंत? आमाला सगळं कळतंय हो!"

मागून रेटारेटी झाली. तोवर पंख्याने पिंपातलं पाणी घुसळून वर उडवायला सुरुवात केली होती. अनिल "प्रेशर आलं, प्रेशर आलं!" म्हणून नाचत होता. कोणाचा तरी हंडा मोटरवर आदळला, मोटर बंद करायची लाल चावी मोडून खाली पडली, आणि मोटर थांबली. पिंपात वीतभर पाणी उरलं होतं. त्यावर पेट्रोलचे रंग तरंगत होते. साळूबाईने धुण्याचं बोचकं नवऱ्यासमोर आणून ठेवलं.

चावीविना मोटर पुन्हा सुरू होईना. अनिलने आत हात घालून एक तार तोडली, दुसरी जोडली, आणि हात पुसत म्हणाला, "ह्या चावीपायी बंद पडत व्हती. ती भानगडच काढून टाकली. आता ही बंद पडायची नाय."

"अजिबात?"

"अजिबात नाय. माझी गॅरंटी."

हैबतीला इतकं बरं वाटलं की त्याने अनिलला पोटभर जेवू घातलं.

बुधवारी दहा वाजता डोहावर सगळं गाव जमलं. सावित्रीच्या पलीकडच्या वाळूवर नेहमीच्या चार मगरी ऊन खात पडल्या होत्या. बुडणाऱ्या माणसाचं काम करायला त्यांच्यामुळे कोणी तयार होईना, म्हणून रिकामे डबे पोटात भरून एक बुजगावणं डोहात सोडलं होतं. त्याच्या अंगात हैबतीचा जुना खाकी सदरा होता.

नायब तहसीलदारसाहेब अलिबागकडचे. इस्त्रीचा पांढरा शर्ट, हातात मोबाईल. एकेका वस्तूचा बोटीत ठेवलेला फोटो काढून वर पाठवायचा, असा आदेश होता. बोट झाली, मोटर झाली, दोर झाला.

"नांगर?"

महिपती पुढे झाला आणि त्याने खोळ काढली. उन्हात फाळ चमकला.

साहेबांनी फोटोसाठी मोबाईल वर धरला आणि परत खाली घेतला. "हे काय आहे?"

"नांगर, साहेब. लोखंडी. नग एक."

"अहो, नांगर म्हणजे होडीचा नांगर! दोराला बांधून पाण्यात टाकतात, होडी जागेवर थांबते, तो! हा शेतातला नांगर काय करायचाय मला?"

अक्षदा मॅडमनी हैबतीकडे बघितलं. हैबतीने पत्र पुढे केलं. "साहेब, पत्रात नुसतं नांगर लिवलं व्हतं. कुठला ते नव्हतं."

साहेबांनी पत्र वाचलं. खरंच नव्हतं. पत्र त्यांच्याच सहीचं होतं. "बरं, असू दे," ते हळूच म्हणाले. "बोटीत ठेवा, दोर बांधा. फोटोत काहीतरी दिसलं पाहिजे."

नांगर बोटीत गेला, म्हणून महिपतीही गेला. मोटर चालवायला हैबती चढला. पाहणी करायची म्हणून साहेब चढले. अनिलला बोलावलं, तर तो म्हणाला, "मी विहिरीवरचा मानूस, आमी काठावरूनच बगतो."

दुसऱ्याच ओढीला मोटर सुरू झाली. हैबतीच्या डोळ्यांत पाणी आलं. बोट सपकन डोहात शिरली, बुजगावण्यापाशी आली आणि साहेब म्हणाले, "आता हळू करा."

हैबतीने मोटरच्या दांडीची मूठ फिरवली. मूठ निघून त्याच्या हातात आली. दांडी तिरकी अडकून बसली, आणि बोट बुजगावण्यावरून जाऊन डोहात गोल फिरू लागली.

"थांबवा!"

"थांबवायची चावी नाय, साहेब."

"मग बंद कशी करता?"

"बंद पडनार नाय अशी गॅरंटी घेतलीय."

साहेबांनी पेट्रोलची नळी उपटायचा प्रयत्न केला. अनिलची लांबी हलली नाही. काठावर लोकांनी टाळ्या वाजवल्या, कारण बोट दर फेरीला त्यांच्या अगदी जवळून जात होती आणि असं काही त्यांनी पूर्वी बघितलं नव्हतं. पलीकडच्या मगरींपैकी दोन पाण्यात उतरल्या. एकीने बुजगावण्याचा खाकी सदरा ओढून नेला, तेव्हा उडी मारायचा विचार तिघांच्याही मनातून गेला.

पाचव्या फेरीला साहेबांना आपलं अलिबाग आठवलं. "नांगर!" ते किंचाळले. "हैबती, नांगर टाका!"

"नाय!" महिपतीने नांगराला मिठी मारली. "माझा नांगर पान्यात? फाळ परवाच शेवटलाय!"

"अहो, जीव जाईल सगळ्यांचा!"

"जीव माझा जाईल, नांगर पोरांना ऱ्हाईल!"

"मी लेखी देतो! ही वस्तू शासकीय कामासाठी घेतली म्हणून!"

महिपतीने मिठी थोडी सैल केली. "सही-शिक्क्यानिशी?"

सहाव्या फेरीत साहेबांनी पत्राच्या पाठीवर मजकूर लिहून सही ठोकली. सातव्या फेरीत, काठाजवळून जाताना ते ओरडले, "मॅडम, शिक्का!" अक्षदा मॅडमच्या पर्समध्ये ग्रामपंचायतीचा शिक्का कायम असतो. आठव्या फेरीला त्या गुडघाभर पाण्यात शिरून शिक्का पुढे धरून उभ्या राहिल्या, साहेबांनी बोटीतून वाकून कागद पुढे केला, पण शिक्का उठला तो साहेबांच्या मनगटावर. महिपतीला ते मान्य नव्हतं. नवव्या फेरीला शिक्का कागदावर बसला.

"जावक नंबर?" महिपतीने विचारलं.

"नंतर!" तिघांपैकी दोघं एकदम ओरडले.

महिपतीने कागदाची घडी करून टोपीत ठेवली, फाळाला एकदा नमस्कार केला आणि नांगर पाण्यात सोडला. दोर सरसर गेला, ताणला, आणि डोहाच्या तळच्या गाळात फाळ असा रुतला की बोट जागच्या जागी गर्रकन वळली. बैल थांबवताना निघतो तसा हैबतीच्या तोंडून आवाज निघाला, "हो रे, हो, हो!" बोटीचं मागचं अंग काठाच्या रेतीत घुसलं, पंखा चिखलात बसला, मोटरने दोन उसासे टाकले आणि ती गप्प झाली.

 काठावरून अनिलचा आवाज आला, "हे गॅरंटीत बसत नाय हां, चिखलानं बंद पडली!"

साहेब काठावर बसले. मनगटावर 'ग्रामपंचायत निवेकोंड' अशी जांभळी गोल अक्षरं. त्यांनी नोंदवही मागितली. हैबतीने ती आणली, समोर ठेवली, आणि त्याला राहवेना.

"साहेब, ह्या आठ ओळी मी न बगता लिवल्यात. मोटर कधी उघडलीच नाय. तेहतीस वर्षांत तेवढंच खोटं लिवलं मी. काय करायचं ते करा."

साहेबांनी आठही ओळींवरून बोट फिरवलं. "खोटं कोण म्हणतंय?" ते म्हणाले. "मी स्वतः बसलो होतो तिच्यावर. ही मोटर चालू स्थितीत नव्हती असं उद्या कोणी म्हणालं, तर मी साक्ष देईन." आणि त्यांनी दहाव्या ओळीत स्वतःच्या हाताने लिहिलं, 'मोटर समक्ष पाहिली. चालू स्थितीत. बंद होत नाही. नांगर उत्तम.'

निरोपाचा मांडव दणक्यात झाला. हैबतीला शाल मिळाली. भाषणात अक्षदा मॅडमनी ती दहावी ओळ वाचून दाखवली, तेव्हा म्हाताऱ्याला हुंदका आवरला नाही. फक्त महिपती मागच्या रांगेत तोंड पाडून बसला होता. शासकीय कामासाठी घेतलेला त्याचा नांगर नियमाप्रमाणे ग्रामपंचायतीच्या मागच्या खोलीत जमा झाला होता. त्याच्यावर पांढऱ्या रंगात नंबर पडला होता, आणि पेरणीच्या आत तो वापरायला मिळावा म्हणून महिपतीने रीतसर अर्ज केला होता. अर्ज तालुक्याला गेला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी हैबती जन्मात पहिल्यांदा बिनकामाचा विहिरीवर आला. साळूबाईची बादली पुन्हा पडली होती.

"आन हिकडं, मी काढतो."

त्याने गळ हातात घेतला. चार वाकडे दात, वर कडी, कडीला जाड दोर. इतक्या वर्षांत त्याने तो कधी हातात धरून बघितला नव्हता. दांड्यावरचं शेवाळ अंगठ्याने पुसलं, तर खाली मुंबईच्या त्या मंडळाचं नाव कोरलेलं होतं.

"हा कुठला गो?"

"पुराच्या सामानात आला व्हता, बोटीसंगं. कोनाला कायच कळंना कशाचा ते. मी म्हटलं, बादल्या काढायला बरा हाय. का वो?"

हैबतीने गळाकडे बघितलं. मग समोर महिपतीच्या ओटीकडे बघितलं. तिथे पोत्याची रिकामी खोळ घडी घालून ठेवली होती. मागच्या खोलीची किल्ली आता त्याच्याकडे नव्हती, आणि 'नांगर, लोखंडी, नग एक' लिहिलेली वहीही नव्हती.

"काय नाय," तो म्हणाला आणि गळ हळूच विहिरीत सोडला. "चालू स्थितीत हाय."